कोंबड्यांशी इंग्रजी

स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातल्या लिमोन बंदरात ग्लेनिस प्लमरची इंग्रजीची शिकवणी नावाजलेली होती. त्या आठवड्याचा धडा होता सवयी कशा बदलतात याचा: रोजची गोष्ट कधीमधी होऊ लागते, मग क्वचित, मग होतच नाही. पुस्तकातली उदाहरणं व्यायामशाळेत जाणाऱ्या कुणा डेव्हिडची. या डेव्हिडचा ग्लेनिसला मनस्वी वीट आला होता.

म्हणून रविवारी, नारळाच्या दुधात भात आणि राजमा शिजत असताना, तिने पापांनाच विचारलं, आपल्या घरात असं हळूहळू काय कमी झालं?

विचारलं खरं, पण उत्तर तिला स्वतःलाच ठाऊक होतं. पापांचे वडील जमैकाहून रेल्वेच्या कामाला आले आणि घरात त्यांची तिथली इंग्रजी राहिली. लहानपणी पापा तिला मांडीवर घेऊन त्याच इंग्रजीत आठ पायांच्या लबाड कोळ्याच्या गोष्टी सांगायचे. ग्लेनिस शाळेत गेली आणि ते बोलणं आटत गेलं. तिच्याशी स्पॅनिश, इंग्रजी फक्त कोंबड्यांशी. काय ते लाड, काय त्या शिव्या! तिला कोंबड्यांचा इतका हेवा वाटायचा की एकदा ती खुराड्यातच जाऊन बसली. पापांनी तिला बाहेर काढलं, पिसं झटकली आणि स्पॅनिशमध्येच रागावले. आपल्या हातून काहीतरी बिघडलं, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच.

आणि आता शहाऐंशीव्या वर्षी उलटंच सुरू झालं होतं. पापांची स्पॅनिश दिवसेंदिवस विरत होती, वर इंग्रजीच येत होती, आणि ती निम्मी ग्लेनिसला कळत नव्हती. ती राजधानीत शिकलेली इंग्रजी बोले, पापा सभ्यपणे ऐकून घेत. बापलेकीला बोलायला धड एक भाषा उरेना, आणि या विचाराने तिला रात्ररात्र झोप लागत नसे.

"इंग्रजी कमी झाली," पापा शब्द शोधत स्पॅनिशमध्ये म्हणाले. "मीच केली."

ग्लेनिसचा डाव हातातच राहिला.

"तुझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरात हे असं बोलाल तर पोर मागे पडेल. मग आधी जेवताना बंद केली. नंतर अंगणात. रविवारी चर्चच्या वाटेवर तेवढी ठेवली बरेच दिवस. पोराचं अंगावरचं दूध तोडतात ना, तसं. एकदम तोडली असती तर रडली असतीस."

"मला सांगायचं तरी, पापा."

"सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतंस. आणि तेही इंग्रजीत विचारलं असतंस. माझा धीर सुटला असता."

ग्लेनिस चुलीकडे वळली. पन्नाशी उलटलेल्या बाईने वाफेच्या नावावर डोळे पुसले. इतकी वर्षं ज्याला ती राग समजत होती, ती माया होती, आणि शाळेतल्या बाईंचं ऐकलं म्हणून आता पापांवर चिडावं तरी कसं? मग ती वळून त्यांच्याशी इंग्रजीत बोलली: भात झालाय, या.

पापा खो खो हसले. "बँकेतली बाई बोलावतेय म्हणायची मला."

"मग शिकवा ना. वर्गाला शिकवते, मला कोण शिकवणार?"

"शिकवतो. पण एकदम नको, झेपणार नाही. आधी रविवारी, चर्चच्या वाटेवर. मग अंगणात. जेवताना सगळ्यात शेवटी."

तिने मनाशी हिशेब केला. त्या क्रमाने जेवणापर्यंत पोचायला पापांकडे तेवढी वर्षं आहेत कुठे? तिने दोघांची ताटं वाढली, खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढली आणि म्हणाली, "जेवणापासूनच सुरू करू, पापा."

ताट पुढे ओढून पापांनी तिला जेवायला सांगितलं, कोंबड्यांना दाणे टाकताना जी बोलत, त्याच इंग्रजीत.