सात हालींचे सहा कलदार

मित्रांनो, मी एक जुना हाली रुपया आहे. निजामाच्या टाकसाळीत घडलो. अंगावर चारमिनार, आत खरी चांदी. रुबाब काय विचारता! इंग्रजांचा रुपया तो कलदार. आमचा भाव ठरलेला होता, सात हालींचे सहा कलदार. वाटूरच्या बद्रीनाथला तो लहानपणीच पाठ झाला.

पण खरं सांगू? कापसाच्या हंगामात आमची चणचण व्हायची आणि सराफ सहा कलदार घेऊन सहा हाली नि एक अधेली, म्हणजे साडेसहाच, हातावर ठेवायचा. कागदावरचे सात मात्र हलायचे नाहीत. बद्रीनाथला फक्त कागदावरचं ठाऊक.

पुढे आमचं चलन बंद झालं. आम्ही चाळीस जण बद्रीनाथच्या घरी पिशवीत गेलो. लक्ष्मीपूजनाला तेवढं हळदकुंकू मिळायचं.

यंदा बद्रीनाथची नात आकांक्षा हिला अमेरिकेत प्रवेश मिळाला. फी डॉलरमध्ये. तिच्या वडिलांनी, आदिनाथने, इकडून तिकडून रक्कम जमवली. भरायला निघाला त्याच दिवशी डॉलर चाळीस पैशांनी चढला. नव्वदीच्या बद्रीनाथने त्याला अडवलं.

"थांब. भाव आपल्या जाग्यावर येतोच. जल्दी करू न्हाई."

घरात आबांचा शब्द मोडत नाहीत. सगळे थांबले. अबब, काय तो डॉलर! त्याला बसायला जागाच नाही. कुठे तेल महागलं, कुठे लढाईची बातमी आली, की वाटूरमधल्या मोबाईलवर आकडा हलायचा. मी तर थक्कच झालो. एकोणीस दिवसांत तो दीड रुपया चढला. तीस हजार कमी पडले, मुदत उरली दोन दिवस, आणि आता उसने मागायला कुणापुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी पिशवी घेऊन नातीबरोबर जालन्याच्या सराफ्यात आले. जन्मभर दुसऱ्यांना भाव सांगणाऱ्या माणसाने हळूच विचारलं, "आजचा भाव काय हाय, दादा?"

चांदीही चढलेली होती! आम्हाला विकून फी भरून झाली. आमच्या जिवावर पोरगी समुद्र ओलांडणार, या विचारानं माझा ऊर भरून आला. आबा मात्र मान खाली घालून बसले होते. आकांक्षाने त्यांचा हात धरला.

"आबा, विमानतळावर तुमीच सोडायला यायचं."

मित्रांनो, उद्या सराफ आम्हाला आटवील. आटवू दे, आमचं काम झालं. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस हिशेबात चुकलं, तर त्याला मोडीत काढू नका. त्याचा हात धरा.