निगडीच्या सभागृहाचं ऑडिट

चाकणच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटी खात्यात काढलेल्या माणसाला ऑडिट कसं पार पाडायचं, हे कुणी शिकवायला जाऊ नये. धम्मरत्न शिरसाटांना तर नाहीच नाही. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांचे हात शिवशिवत होते, आणि मुलीनं आयतंच काम आणून दिलं.

मुलगी मैत्री तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला. कुणालाही फुकट वापरता येईल असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची एक जगभरची संघटना आहे, तिचं काम ती नोकरी सांभाळून करायची. या मंडळींची परिषद दरवर्षी नव्या देशात भरते. मैत्रीचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा हात जोडण्यापेक्षा त्यांनाच इकडे बोलवू, म्हणून तिनं पिंपरी-चिंचवडचं नाव पुढे केलं. शेवटच्या फेरीत दोनच शहरं उरली, एक आपलं आणि दुसरं परदेशातलं, समुद्रकाठचं, चकचकीत.

जागा निवडताना ही मंडळी जेवणाखाण्याआधी भलतंच विचारत. व्हीलचेअरवरचा माणूस एकट्यानं फिरू शकेल का? बाईमाणूस अंधार पडल्यावर निर्धास्त बसस्टॉपला जाईल का? कुणाला जात, धर्म, कपडे बघून अडवणार तर नाही ना? पाहणीला जागा निवडणाऱ्या समितीच्या विजयश्री येणार होत्या. मूळच्या सोलापूरच्या, आता बंगळूरला राहणाऱ्या आणि स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या.

"बाबा, परिषदेसाठी दाखवायचं ते निगडीचं सभागृह जरा बघून ठेवाल?" मैत्री एवढंच म्हणाली होती.

कंपनीत बाहेरचा साहेब येणार असला की जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं मारायचे, भंगार ताडपत्रीखाली ढकलायचं आणि कामगारांकडून उत्तरं घोटून घ्यायची, हा तिथला शिरस्ता. धम्मरत्नांनी निगडीच्या त्या सभागृहात तेच केलं. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून दोन दिवसांत लोखंडी रॅम्प उभा केला. वॉचमनला चार उत्तरं पाठ करायला लावली. दिव्यांगांच्या टॉयलेटमध्ये वर्षानुवर्षं झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या होत्या, ते घासूनपुसून लख्ख केलं. पाहुणीच्या आधी कुणी घाण करू नये म्हणून दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली केअरटेकर सोपानरावांकडे दिली.

पाहणी झकास सुरू झाली. वॉचमन न अडखळता बोलला, मैत्रीचा चेहरा खुलला. तासाभरानं विजयश्री म्हणाल्या, "मला जरा टॉयलेटला जायचंय."

दाराला कुलूप. सोपानराव दिघीला भाचीच्या साखरपुड्याला गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. ते धापा टाकत परत येईपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. तेवढा वेळ विजयश्री त्या लख्ख टॉयलेटच्या बंद दारासमोर बसून राहिल्या. धम्मरत्नांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या आत गेल्यावर मैत्री हळूच म्हणाली, "बाबा, संपलं."

पाइप फुटला होता म्हणून बंद ठेवलं होतं, असं सांगायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. तीस वर्षांचा सराव होता. पण पोरीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून ते शब्द त्यांनी गिळले. विजयश्री बाहेर आल्या तेव्हा ते कागद-पेन घेऊन उभे होते.

"ताई, कुलूप मी लावलं," ते म्हणाले. "आमच्याकडं चूक झाली की पाच वेळा 'का' विचारतात. कुलूप का? घाण होऊ नये म्हणून. ती का होऊ नये? तुम्ही बघणार म्हणून. बघणाऱ्याचा विचार केला, वापरणाऱ्याचा का नाही? आमच्यात वापरणारं कुणी नव्हतंच. का नव्हतं?" त्यांनी कागदावर चौथा आकडा टाकला. "आमी कुणाला विचारलंच नाही. चौथ्यालाच गाडी अडली बघा."

"तेवढं पुरे आहे, काका," विजयश्री म्हणाल्या. "आता रॅम्पचं बोला."

"चढ जास्त आहे. म्हणून तर मघाशी चढताना मी मागून खुर्चीला हात लावला."

"न विचारता."

"न विचारता," त्यांनी लिहून घेतलं. "आणि वॉचमनची उत्तरं मीच घोटून घेतलीत. सगळी खोडा."

मग तिघं पुन्हा पहिल्या पायरीपासून फिरले. बसस्टॉपच्या वाटेवरचे दिवे फुटलेले. सिक्युरिटीला एकही बाई नाही. परिषदेच्या नोंदणीच्या अर्जात आडनाव सक्तीचं. त्यावर धम्मरत्नांनीच बोट ठेवलं. आडनाव कळल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुपारपर्यंत सतरा चुका भरल्या. प्रत्येकीपुढे काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत, हे लिहून मैत्रीनं यादी जशीच्या तशी समितीला पाठवली. समितीच्या मतदानापर्यंत त्यातल्या बारा दुरुस्त झाल्या, आणि उरलेल्या पाच झाल्या नाहीत हेही तिनं कळवलं.

निकालाच्या दुपारी फोन मैत्रीला नाही, धम्मरत्नांना आला.

"काका, परिषद तुमच्याकडे," विजयश्री सांगत होत्या. "दुसऱ्या शहराच्या पाहणीच्या फॉर्मवर सगळीकडे 'होय' होतं. आमच्यातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. आणि पुढच्या वर्षीपासून प्रत्येक शहरानं आधी स्वतःच्या चुकांची यादी द्यायची, असं ठरलंय. नमुना म्हणून तुमचीच लावतोय."

तीस वर्षं 'ओके'चे शिक्के मारून धम्मरत्नांना जो मान कुणी दिला नव्हता, तो आज मिळाला होता. शेजारी मैत्री रडतही होती आणि हसतही होती. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि थेट खाली कट्टा गाठला.

"ऐका रे," ते तिथल्या मित्रमंडळींना म्हणाले, छाती अशी काढून की शर्टाचं बटण ताणलं गेलं. "आमच्या मैत्रीनं सगळं जग निगडीला आणलंय. आणि कशाच्या जोरावर म्हणाल, तर सतरा चुकांच्या. त्यातल्या चार एकट्या माझ्या!"