साडेचार बोटं

चाळीस वर्षं शिडीवर काढली मी. रंगाऱ्याच्या धंद्यात माझा एकच नियम, जीव गेला तरी बेहत्तर, ओल्या भिंतीला हात लावायचा नाही. या एका चुकीपायी भल्याभल्यांना मी कामावरून घरी पाठवलंय.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला एका पायावर उभं केलं. म्हणाल्या, "आता डोळे मिटा." मिटले, आणि तीन मोजेपर्यंत थेट त्यांच्या टेबलावर!

"वयानं तोल जातो, काका. पायांखालचं पायांना उशिरा कळतं, मग सगळी भिस्त डोळ्यांवर. शिडी सोडा आता."

शिडी सोडा म्हणे! मग घरात बसून काय माश्या मारू? लेक माझ्याच हाताखाली काम करते. तिला बजावलं, "ज्या दिवशी माझा हात ओल्या भिंतीला लागेल, त्या दिवशी उतरेन. तोवर चकार शब्द काढायचा नाही." तिनं नाही काढला.

काल एका शाळेच्या वर्गात ऑइलपेंट मारत होतो. जेवून परत आलो तर वर, ओल्या भिंतीवर, हा एवढा पंजा! माझं डोकंच फिरलं.

"डोळे फुटले का गं तुझे? एवढी घोडी झालीस, कितीदा सांगायचं?"

ती मान खाली घालून रंगाचा डबा ढवळत राहिली. एरवी उलट बोलायची एक संधी सोडत नाही बया.

डाग बुजवायला मी ब्रश घेऊन वर चढलो. जवळून पाहिलं. चार बोटं पुरती, करंगळी अर्धी.

माझी करंगळी लहानपणी दारात चेंगरली, तेव्हापासून अर्धीच आहे. पण भिंत कधी धरली, काही केल्या आठवेना. शिडीवर आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली.

"बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, चकार शब्द काढायचा नाही." मग हळूच म्हणाली, "बाबा, या आठवड्यातला हा पाचवा. आधीचे चार तुमच्या नकळत बुजवले मी. आज मध्येच जेवायची वेळ झाली, हा राहून गेला."

मी उतरलो. दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी. ब्रश तिच्या हातात दिला.

"चढ तू. शिडी मी धरतो."

दोन पायऱ्या चढून ती थांबली आणि बाहीनं डोळे पुसायला लागली.

"रडतेस काय? रंग वाळतोय तिकडे!" मी ओरडलो. आणि शिडी आणखी घट्ट धरली.