अकरा घरांची क्रीम

लासुर्ण्याच्या द्वारकाबाईचा राग असा, की तिनं एकदा नुसती भुवई उचलली आणि उसानं भरलेला ट्रॅक्टर आपसूक मागं गेला. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. तो अजून उलटाच चालतो. पण यंदा तिला जो राग आला, त्यापुढं हा म्हणजे लाडिक रुसवा.

तिची राजनंदिनी एकोणीस वर्षांची. तीन महिने पोरगी दिवसागणिक उजळत गेली. मग पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "तोंडाला काय लावतेस?"

पोरीनं डबी काढली. वर चंद्र, मोती आणि हसरी बाई. कंपनीचा पत्ता कुठंच नाही.

"असल्या क्रीममध्ये पारा असतो. रंग उजळतो आणि मूत्रपिंड जातं. आजपासून बंद. आणि हे तपासून घ्या."

डबी गावातल्याच मानसिंगच्या बांगड्या-टिकल्यांच्या दुकानातली. निम्म्या गावच्या लेकीसुना तीच लावत होत्या, पण चोरून.

नमुना कसा काढायचा, हे द्वारकाबाईनं कुणाला विचारलं नाही. वीस वर्षं ती उसाच्या रानातली माती तपासायला देत होती. दहा-अकरा जागची माती घ्यायची, घमेल्यात कालवायची, त्यातली थोडी पिशवीत भरायची. तिनं अकरा घरांतनं चमचा-चमचा क्रीम आणली, परातीत कालवली आणि बारामतीहून पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडली. पंधरा दिवसांनी कागद आला. दहा लाखांत एक भाग पारा म्हणजे हद्द; इथं नऊ हजार.

कागद घेऊन ती दुकानात घुसली. मानसिंगनं तो वाचला, घडी घातली आणि हसला.

"काकू, ह्यात अकरा जणींचं कालवलंय. कुणी बारामतीतनं आणलं आसंल, कुणी जत्रंतनं. ह्यातलं माझं कुठलं, ते दावा."

"मुडद्या, माझ्या पोरीनं तुझ्याकडनंच घेतलं!"

"मग तिचं एकटीचं तपासायचं व्हतं की."

राजनंदिनीच्या डबीत आता बोटाला लागेल एवढंही उरलं नव्हतं. द्वारकाबाई घरी आली आणि तिनं ती परात अशी आपटली, की म्हणे इंदापुरात भांडी वाजली. मानसिंगपेक्षा तिला स्वतःचा राग जास्त आला होता.

सकाळी ती डेअरीत दुधाच्या रांगेत उभी. सचिव रामहरी एकेका किटलीतलं दूध वेगळं घेऊन फॅट मोजायच्या यंत्राला लावत होता.

"रामहरी, समद्यांचं एकदम का रं लावत न्हाईस?"

"मग पाणी कुणी घातलं, कसं कळायचं काकू?"

द्वारकाबाईनं किटली खाली ठेवली आणि रांगेकडं वळली. "बायांनो, आपापली डबी आणा. वर डेअरीच्या वहीतला आपला नंबर टाका. एकेक वेगळी तपासू."

कुणी हललं नाही. एक जण पुटपुटली, "माझ्या पोरीचं जमवायचंय. चारचौघांत नाव कसं लावू?"

"नाव लपवा! लेकी सुजवा आन् नाव लपवा! माझी पोरगी जिना चढत न्हाय आता, तिला कुठला नवरा दाखवू?"

तेवढ्यात सत्तरीच्या प्रयागबाईनं कनवटीची डबी काढून टेबलावर आपटली. पुरुषांच्या रांगेत हशा पिकला.

"म्हातारे, तू गोरी हून कुणाला दावणार?"

"म्हशीला. तुमची थोबाडं बघून आटलीय ती." मग तिचा आवाज फाटला. "व्हय, लावली. लगीन झाल्यापास्नं काळी म्हणून ऐकलं. मरायच्या आधी चार दिस गोरं व्हायचं व्हतं. लिही रामहरी, एकशे बारा. डबी मानसिंगची."

हशा तिथंच जिरला. मग रांगेतली सारजा डबी आणायला घरी पळाली, मग तिची जाऊ. आठ वाजेपर्यंत टेबलावर नऊ डब्या, नऊ नंबर. राहिलेल्या दोघी मान खाली घालून उभ्या होत्या.

किटली हलवत मानसिंग आला. टेबल बघून थबकला.

"आता न फोडलेली एक दे," द्वारकाबाई म्हणाली. "पावती फाडून. तुझ्या सहीनं."

"माल संपलाय काकू."

"आमी बघतो की, संपलाय का."

ती निघाली. मागं प्रयागबाई, तिच्यामागं सगळ्या. राहिलेल्या त्या दोघीही. डेअरीत किटल्या तशाच राहिल्या, आणि मानसिंग दुकानाच्या कुलपाची किल्ली चाचपत त्यांच्या मागं धावला.