सोळा नंबरची जर्सी

माया मॅडमचा फोन आला तेव्हा माझा एम.एस्सी.चा निकाल लागून महिना झाला होता आणि मी खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये खिडकीतून चिमण्यांचा धूर बघत नोकरीचे अर्ज भरत होते.

"जयभीम मॅडम," मी म्हणाले.

"जयभीम. तुले वेळ आहे का वं रितिका? कागद लावायचे आहेत. मले ते जमत नाही. तुझ्यासारखी आकड्यावाली पोरगी पायजे."

मॅडम म्हणजे माया रामटेके, आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या सहाय्यक प्रशिक्षक. चोवीस वर्षं त्या सहाय्यकच. मुख्य प्रशिक्षक वामनराव देवतळे सर आता निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागेची जाहिरात आली होती. जाहिरातीत एक अट होती: प्रशिक्षक किंवा सहाय्यक प्रशिक्षक म्हणून किमान दहा हंगामांचा अनुभव. पुरावा म्हणून प्रत्येक हंगामातल्या एका सामन्याची स्कोअरशीट जोडायची. मुदत सोमवारपर्यंत.

चोवीसमधून दहा काढायच्या. मला वाटलं, तासाभराचं काम.

गुरुवारी सकाळी मी कॉलेजच्या स्टोअर रूममध्ये पोचले. दोन वर्षांत वास बदलला नव्हता. रबर, घाम, चुना आणि कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी बोर्डाचा ओलसर वास. तो बोर्ड सरांनी लकडगंजच्या लाकूड बाजारातून सायकल रिक्षावर आणला होता, अशी कॉलेजात दंतकथा होती. काचेचे बोर्ड आल्यावरही मॅडमनी तो फेकू दिला नाही. त्याच्यावर खिळा मारून त्या शिट्टी टांगत.

कपाटात स्कोअरशीटच्या कार्बन प्रती वर्षवार बांधलेल्या होत्या. स्कोअरशीटवर संघाच्या बारा खेळाडूंची नावं असतात आणि त्यांच्याखाली दोन ओळी, एक प्रशिक्षकाची आणि एक सहाय्यक प्रशिक्षकाची. आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा नियम असा की बेंचवर एवढेच चौदा जण बसणार. पंधराव्याला दोरीच्या मागे जावं लागतं.

मी पहिली प्रत उघडली. सहाय्यक प्रशिक्षक: कामिनी वासनिक. दुसरी उघडली. तिथे माया रामटेके. तिसरीवर पुन्हा भलतंच नाव. अकरा वाजेपर्यंत मी सगळे हंगाम एका कागदावर उतरवले. मॅडमचं नाव नऊ ठिकाणी होतं. उरलेल्या पंधरा हंगामांत पंधरा वेगळी नावं होती. त्यातलं एक मी उजेडात धरून पुन्हा वाचलं.

सहाय्यक प्रशिक्षक: रितिका ठवरे.

ते माझं पहिलं वर्ष होतं. त्या वर्षी संघात माझी निवड झाली म्हणून बाबांनी प्लँटमध्ये पेढे वाटले होते. मी सोळा नंबरची जर्सी घालून बेंचवर बसले होते आणि चारही सामन्यांत सर मला कधी उतरवतात याची वाट पाहिली होती. वॉर्मअप पँटची नाडीसुद्धा सैल ठेवली होती, ऐनवेळी गाठ सुटली नाही तर पंचाईत नको म्हणून. आमच्या जर्सी चार ते पंधरा नंबरच्या होत्या. चार ते पंधरा म्हणजे बारा. सोळावा नंबर कुठून आला, हा प्रश्न बारावीला गणितात सत्त्याण्णव मिळवलेल्या मुलीला चार सामन्यांत एकदाही पडला नाही.

मग मी हजेरीची रजिस्टरं काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली. ज्या वर्षी सरावाला बाराच मुली होत्या, त्या वर्षी शीटवर माया रामटेके. ज्या वर्षी तेरा, त्या वर्षी तेराव्या मुलीचं नाव. चोवीस वर्षांत एकही अपवाद नव्हता. एम.एस्सी.च्या प्रकल्पातही इतका स्वच्छ निष्कर्ष मला कधी मिळाला नव्हता.

मॅडम आणि सर चहा घेऊन आले. मी कागद पुढे केला.

"मॅडम, मी खेळाडू नव्हतेच?"

मॅडमनी कागद पाहिला आणि ग्लास खाली ठेवला. "सापडलं का तुले? मले वाटलं, तू फक्त माझं नाव शोधशील."

"काहून केलं असं?"

"अवं, तेराव्या पोरीले गॅलरीत बसवलं की ती पुढच्या वर्षी येत नाही. मी पाहून ठेवलं होतं. वरून खेळ सिनेमासारखा दिसते. बेंचवरून दम लागलेला ऐकू येते, बुटाचा आवाज येते. तिथं बसली की पोरगी जात नाही. तू गेली का? दुसऱ्या वर्षी सात नंबर घेतलाच ना."

ते खरं होतं. आणि बसून मी काय केलं तेही मला आठवलं. मॅडमनी माझ्या हातात मैदानाचा नकाशा काढलेली वही दिली होती. बास्केट झाली तिथे गोल, हुकली तिथे फुली. मॅडम स्वतः दोरीच्या मागे उभ्या असत आणि मला सांगत, "पाच नंबर थकली, सांग सरांना." मी सरांना सांगायची. सर पाच नंबरला बाहेर बोलवायचे. मला वाटे, मॅडमना नियमाने मागेच उभं राहावं लागत असेल. पुढे मी संख्याशास्त्र घेतलं, ते त्या गोल-फुल्यांमुळे असं मी मुलाखतीत सांगत असे. ती जागा कोणाची होती हे मात्र मला माहीत नव्हतं.

"आणि चौदावी आली असती तर?" मी विचारलं.

सर हसले. "आपल्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायले पोरी रांग लावून राहिल्या काय? तेरा झाल्या तरी मायाबाई बर्फी आणत होत्या."

"सर, तुम्ही पत्र द्या ना. चोवीस वर्षं त्यांनीच काम केलं असं."

सर गंभीर झाले. "आजच देतो. सही करतो, शिक्का मारतो."

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "पत्रात लिहाल काय? की पंधरा वर्षं शीटवर खोटं नाव होतं आणि खाली तुमची सही होती? जाता जाता चौकशी लावून घेता काय? अन् त्या वर्षांतल्या दोन ट्रॉफ्या आहेत. कोणी हरकत घेतली तर त्या पोरींचं जिंकलेलं जाईल. मले नको असं पद."

"मी दरवर्षी बोंबलत होतो, स्वतःचं नाव टाका म्हणून," सर मला म्हणाले.

"बोंबलत होते अन् गपचूप सही करत होते," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे हंगाम नऊच होते, एक कमी. या हंगामाचे आधीचे सामने झाले होते आणि त्या सगळ्या शीटवर सहाय्यक प्रशिक्षक होती प्रीती सहारे, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची, कळमेश्वरहून रोज बसने येणारी. उरला होता एकच सामना, शनिवारचा अंतिम सामना, आमच्याच मैदानावर.

"शनिवारी तुमचं नाव लिहायचं," मी म्हणाले. "वचन द्या."

मॅडमनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "लिहीन," त्या म्हणाल्या.

शनिवारी मी दोन तास आधी गेले. स्कोअरच्या टेबलावर माणूस कमी होता, म्हणून मी सहाय्यक स्कोअरर व्हायची तयारी दाखवली होती. काम सोपं होतं. झालेले गुण मोठ्याने म्हणायचे आणि आकड्यांच्या पाट्या उलटायच्या. टेबलाचे प्रमुख मधुकरराव, तीस वर्षं हेच काम करणारे, पेन्सिलींना टोक काढत बसले होते.

मुली बास्केटखाली वॉर्मअप करत होत्या. त्यांच्यात प्रीतीही होती, सोळा नंबरची तीच जर्सी घातलेली. पाठीवरचा सहाचा आकडा अर्धा सोलला होता. माझ्या वेळी तो फक्त वरच्या टोकाला सुटला होता.

मॅडम शीट भरायला आल्या. बारा नावं त्यांनी न थांबता लिहिली. मग सरांचं. मग पेन थांबलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या प्रीतीकडे पाहत होत्या. प्रीती बुटाची नाडी बांधत होती, दोनदा गाठ मारून, ऐनवेळी सुटू नये म्हणून.

"मॅडम," मी हळू म्हणाले.

"कळते मले."

"मग लिहा."

"तिची आई आली आहे आज. वर बसली आहे पाहा, हिरव्या साडीत. पोरीले वर आईजवळ नेऊन बसवू का मी? फायनलले?"

"पुढच्या वर्षी सरांची जागा भरलेली असेल मॅडम. दुसरी संधी नाही."

"मले आकडे नको शिकवू," त्या म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. पेन त्या ओळीवर टेकलं होतं आणि कागदावर निळा ठिपका मोठा होत चालला होता.

मी टेबलाकडे पाहिलं. टेबल मैदानाच्या कडेला, अगदी मधोमध होतं. बेंचपेक्षाही रेषेच्या जवळ. तिथून दम ऐकू येतो, बुटांचा आवाज येतो. आणि तिथे दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक माझी होती.

मी उठले. "मधुकरराव, पाट्या उलटायला दुसरी मुलगी चालेल?"

"यजमान कॉलेजची कोणीही चालते. आकडा चुकला नाही पायजे."

"प्रीती!" मी हाक मारली. "इकडे ये. वरून स्वेटर घाल, जर्सी दिसायला नको. तुला टेबलावर बसायचंय."

प्रीतीचा चेहरा पडला. "मी बेंचवर नाही का?"

"इथून जास्त जवळ दिसतं. बसून बघ."

ती बसली. मैदानाकडे पाहिलं, मग डावी-उजवीकडे दोन्ही बास्केटकडे. मान दोन्हीकडे सारखी वळत होती. "अरे, हो ना," ती म्हणाली.

"अरे हो ना नंतर," मधुकरराव म्हणाले. "एक आकडा चुकवला तर पाटीच्या जागी तुले टांगीन."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग निळ्या ठिपक्यापासूनच सुरुवात करून त्यांनी लिहिलं, माया रामटेके. अक्षर पोरींच्या नावांपेक्षा जरा वाकडं आलं.

मी दोरीच्या मागे जाऊन उभी राहिले. हातात वही होती.

सामना चुरशीचा झाला. मॅडमना बेंचवर बसणं जमेना. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्या सवयीने उठून मागे दोरीपर्यंत आल्या आणि पंचांनी हात दाखवून त्यांना परत बसवलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमची पाच नंबर गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. मॅडम पुढे वाकल्या, शेजारच्या खेळाडूच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "पाच नंबर थकली, सांग सरांना."

सर पलीकडे हातभर अंतरावर होते. ते वळले. "मलेच सांगा ना मायाबाई. मी इथंच आहे."

मॅडम क्षणभर गोंधळल्या. मग हसल्या. "पाच नंबर थकली, सर," त्या म्हणाल्या.

आम्ही तीन गुणांनी हरलो. प्रीतीचा एकही आकडा चुकला नाही. मधुकररावांनी तिला तसं सांगितलं नाही, पण शीटवर तळाशी त्यांनी स्वतः लिहिलं, सहाय्यक स्कोअरर: प्रीती सहारे. तिची आई खाली आली आणि ते नाव तिने बोट फिरवून दोनदा वाचलं.

सोमवारी साडेचारला मी दहा शीट क्रमाने लावल्या, टाचणी मारली आणि मॅडमबरोबर कार्यालयात अर्ज दिला. पोचपावती घेऊन आम्ही स्टोअर रूममध्ये आलो. प्रीती जर्सी परत करायला थांबली होती. मॅडमनी सोळा नंबरची घडी घातली, खणात सगळ्यात खाली ठेवली आणि वरून सात नंबरची काढली.

"जूनमध्ये सराव सहाले सुरू होते," त्या म्हणाल्या. "कळमेश्वरहून पहिली बस किती वाजता आहे वं?"