गोड्या-खाऱ्या पाण्याची काठी

घड्याळजींनी वरच्या खिशातून बोटभर पेचकस काढला आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत काउंटरवरच्या रिळाचा पहिला स्क्रू सैल केला.

"अहो काका, नवीन आहे ते!"

"म्हणूनच. जुनं झाल्यावर काय, कुणीही उघडतं."

दुकानदार धिप्पाड होता, उन्हाने नाक सोललेला. मासेमारीचं सामान विकण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. गळाची काठी हवेत फिरवून छताच्या पंख्याला अडकवणारी गिऱ्हाइकं त्याला नवीन नव्हती. रीळ उघडणारं मात्र हे पहिलंच. त्याने आशेने घड्याळजींच्या बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," बाई म्हणाल्या. "लग्नात भेट आलेलं घड्याळ यांनी पाहुणे पांगायच्या आत उघडलं होतं."

घड्याळदुरुस्तीचं दुकान घड्याळजींनी गेल्या वर्षी बंद केलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, जरा मोकळ्या हवेत जात जा. त्यांनी मासे धरायला बसायचं ठरवलं. ही बातमी नातेवाइकांत फुटली आणि दोन्हीकडून फोन आले. मेहुण्याचं घर तळ्याकाठी. तो म्हणाला, "भावोजी, काठी हलकी घ्या, नाजूक. तळ्यातल्या माशाला नुसती शंका आली तरी तो तोंड फिरवतो." व्याह्यांचं घर खाडीवर. ते म्हणाले, "दणकट घ्या. खाऱ्या पाण्यात नाजुकांचं काम नाही."

शेवटी बाईंनी निकाल दिला. घरात काठी येईल ती एकच, आणि ती तळ्यावरही चालली पाहिजे. नाहीतर माझा भाऊ जन्मभर ऐकवेल, भावोजींना व्याह्यांचं खारं पाणीच गोड लागलं.

"दोन्हीकडे चालेल अशी हीच," दुकानदाराने काठी पुढे केली. "सात फुटी, मध्यम ताकदीची. टोकाला लवते, बुडाला हलत नाही. रीळही मधल्याच मापाचं. फक्त खाडीवर जाणार असाल तर बेअरिंग सीलबंद हवं, नाहीतर महिन्याभरात गंज. आणि घरी आलात की गोड्या पाण्याखाली धुवायचं."

"सीलबंद आहे, असं डब्यावर छापलंय," घड्याळजी म्हणाले. "पाण्यातसुद्धा चालेल म्हणून विकलेली घड्याळं माझ्याकडे पाणी भरून यायची. एकात तर शेवाळं धरलं होतं."

पहिल्या रिळाचं बेअरिंग सताड उघडं निघालं. ते बाद. दुसऱ्याचं झाकण नीट बसत नव्हतं. तेही बाद. एव्हाना दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून काउंटरला टेकली होती. तिसऱ्या रिळावर घड्याळजींचा चेहरा जरा उजळला. त्यांनी आतली एक चकती नखाने उचलली.

टिंग.

"कुणी हलू नका!" घड्याळजी ओरडले.

सगळे जागच्या जागी थिजले. एका गिऱ्हाइकाचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला.

"स्प्रिंग उडाली. तांदळाएवढी आहे. पाय न उचलता खाली बसा."

पाय उचललेल्या माणसाला हे कसं जमवायचं ते कळेना. बाकीचे बसले. दुकानदार टॉर्च घेऊन काचेच्या कपाटाखाली शिरला आणि तिथून स्वतःच्या नशिबाला नावं ठेवू लागला. घड्याळजी आणि बाई काउंटरखाली समोरासमोर रांगत आले. गुडघ्यांनी दोघांच्याही वयाची जाहिरात केली.

"एक विचारू?" बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "समजा मासा लागला. तडफडतोय. पुढे काय करणार?"

घड्याळजी फरशीवरून बोटं फिरवत राहिले.

"बाजारात मासळीच्या रांगेतून तुम्ही नजर वर करून चालता."

"त्यांना पापण्या नसतात," घड्याळजी म्हणाले. "सारखे बघत असतात."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

त्यांनी एक कोपरा पुन्हा चाचपला. तिथे काहीच नव्हतं, तरी हात तिथेच राहिला.

"आपण लेकीकडे जातो तेव्हा काय होतं? आपण बाहेर सोफ्यावर, ती आत गॅसपाशी. बाबा अजून थोडं घ्या, आई तू काहीच घेतलं नाहीस. विहीणबाई शेजारी, जावई समोर. निघताना दारात चपला घालताना लक्षात येतं, ही आपल्याशी काही बोललीच नाही."

"सासरी असंच असतं."

"असू दे की. पण व्याही सांगत होते, रविवारी ते खाडीवर बसतात ना, तेव्हा ती चहा घेऊन जाते. तासभर खडकावर बसते. खूप बोलते म्हणाले." जरा थांबून त्यांनी पुन्हा म्हटलं, "खूप बोलते, म्हणाले."

कपाटाखालून दुकानदार शिंकला.

"मग नुसते जाऊन बसा की," बाई म्हणाल्या.

"नुसतं कसं बसणार? हातात काही नसलं तर ती लगेच विचारेल, बाबा, काय झालं?"

बाईंनी चष्मा वर सारला. मग हात लांबवून त्यांनी नवऱ्याच्या पँटच्या दुमडीत बोट घातलं, काहीतरी चिमटीत धरलं आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"सापडली!" घड्याळजींनी जाहीर केलं. उचललेला पाय एकदाचा जमिनीला लागला.

पाच मिनिटांत रीळ जुळलं. दुकानदाराने मूठ फिरवून पाहिली, रीळ कानाला लावलं, पुन्हा फिरवलं.

"आवाजच येत नाही हो!"

"कारखान्यातच एक चकती उलटी बसवली होती. बाकी माल चांगला आहे. हेच द्या."

दुकानदार आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं स्वतःचं रीळ घेऊन आला. सहा महिन्यांपासून ते किरकिरत होतं. घड्याळजींनी पेचकस पुन्हा काढला. गिऱ्हाइकं अदबीने दोन पावलं मागे सरली.

"काकू, भावाला बिनधास्त सांगा," दुकानदार खुशीत म्हणाला. "तळ्यावर हीच काठी चालेल."

"तळं काय, कुठे पळून जात नाही," बाई म्हणाल्या. "भरतीचं तसं नसतं ना? या रविवारी कधी आहे?"

घड्याळजींचा पेचकस थबकला. दुकानदाराने भिंतीवरच्या तक्त्यावरून बोट खाली नेलं.

"सकाळी सहा वीस."

"म्हणजे आम्हाला पाचलाच निघायला हवं."

"आम्हाला?" घड्याळजींनी विचारलं.

"तुम्ही त्या स्क्रूकडे लक्ष द्या."

दुकानदाराने काठी कागदात बांधली, दोऱ्याचं बंडल पिशवीत टाकलं आणि कप्प्यांची एक चपटी डबी उघडून बाईंसमोर धरली. आत लहानमोठे गळ चकाकत होते.

"यातले कोणते देऊ, बारीक की मोठे?"

बाईंनी डबीत डोकावून पाहिलं, मग मान खाली घालून स्क्रू पिळणाऱ्या नवऱ्याकडे.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "एवढ्यात नकोत."