माझ्या पोटातली शेवटची फिल्म

मित्रांनो, मी एक जुना, चावीचा सिनेमा-कॅमेरा आहे. आज बाईंनी मला तुमच्या वर्गात आणलंय. खडूच्या डब्याशेजारी बसलेला काळा ठोकळा तो मीच. चावी पिळली की जेमतेम अर्धा मिनिट चालतो, मग ठप्प!

बाईंचे वडील माझे मालक. स्वतःचा देश सोडून इथे येताना त्यांनी मला कोटाखाली लपवून आणलं. इथे त्यांचे कागदपत्र काही पुरे होईनात, त्यामुळे ना परत जाता आलं, ना पुढे कुठे. आठवडाभर ते दुसऱ्यांच्या खिडक्या पुसत. सुट्टी आली की घरातल्या एकुलत्या खिडकीपाशी मला घेऊन बसत. त्यांच्या सिनेमात गोष्ट नाही, गाणं नाही. भिंतीवर सरकणारं ऊन, किटलीची वाफ, बस्स! फिल्मवर चित्र उमटावं म्हणून ते ती अंधाऱ्या न्हाणीघरात औषधाच्या बादलीत धुवायचे. त्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळीला सुट्टी.

"अहो, भिंत पुरे झाली! माणसांकडे बघा जरा," बायको करवादायची.

"भिंत माझ्यासारखीच आहे गं. कुठे जाऊ शकत नाही."

एकदा दूरच्या महोत्सवात त्यांचा सिनेमा गाजला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. मालक मात्र त्याच खोलीत होते. टाळ्यांचं पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मला फार वाईट वाटलं.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. एका सकाळी त्यांनी बायकोला खिडकीत बसवलं. "आज तुझी पाळी." तिने केस सारखे केले, लाजली, हसता हसता रडली. चावी अर्धी उरली असताना मालकांचा हात सुटला, तो कायमचा. ती फिल्म धुवायचा तिला धीर झाला नाही. तिने मला कपाटात बंद केलं आणि वर्षभरात तीही गेली. तेव्हापासून तिचं हसू पोटात धरून मी कोंडून पडलोय.

मघाशी बाई म्हणाल्या ना, "आईचं हलतं चित्र एकही नाही माझ्याकडे"? आहे हो, बाई! पण मला तोंड कुठंय? लहानपणी त्यांना मला हात लावायची बंदी होती, त्यामुळे माझ्यातलं काही त्यांना ठाऊक नाही.

आता त्या म्हणताहेत, "चला, आत काय असतं ते बघू." त्यांचा अंगठा माझ्या झाकणाच्या खटक्यावर आहे. खिडक्या सताड उघड्या आहेत. न धुतलेल्या फिल्मवर ऊन पडलं की सगळं पुसलं जाईल.

मित्रांनो, जुनी वस्तू उघडण्याआधी नीट बघावी. माझ्या कुशीवर एक छोटा काटा आहे. फिल्म नसली की तो शून्यावर असतो. पहिल्या बाकावरून दिसतोय तो. कोणीतरी हात वर करा. लवकर! एवढंच विचारा, "बाई, काटा शून्यावर का नाही?"